देवयानीसाठी दुर्बीण

"बाई, यात विचार कसला करायचा? लांबडी घ्या," प्राचार्य म्हणाले.

प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन जुन्या दुर्बिणी आडव्या पडल्या होत्या. एकाहत्तर सालची गोष्ट. शेवगाव रोडवरच्या आमच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवत होते. मी इतकी वर्षं मागे लागले होते की शेवटी कंटाळून संस्थेनं एक दुर्बीण मंजूर केली. पुण्याच्या दुकानदारानं पसंतीसाठी दोन पाठवल्या. प्राचार्यांची अट एकच होती. गॅदरिंगच्या आत हॉलमध्ये लावण्यासारखा आकाशाचा फोटो निघाला पाहिजे. नाही निघाला तर दोन्ही परत, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

दोन्ही दुर्बिणींना पुढून भिंगं, दोन्ही भिंगं तीन इंची. फरक नळीत. एक पुरुषभर उंचीहून जरा कमी, पितळी, सोबत बिडाचा जडशीळ स्टँड. दुसरी हातभर लांबीची, सोबत लाकडी तिपाई, तीही लटपटणारी. मला आखूड हवी होती.

संस्थेचे अध्यक्ष आबा नेवाशाकडचे बागायतदार. त्यांना संध्याकाळी गच्चीवर दोन्हींतून चंद्र दाखवला. लांबडीतून मोठा आणि स्वच्छ दिसला. आखूड नळीतून लहान दिसला, शिवाय कडेला जांभळट झाक.

"लांबडीच झ्याक हाय की," आबा म्हणाले.

"आपल्याला चंद्राचा फोटो नाही काढायचा, आबा. देवयानीचा काढायचाय. आपल्या आकाशगंगेसारखीच ती दुसरी, फार लांबची."

"लई लांब आसंल तर मंग लांबडीच पायजे."

असं सगळ्यांनाच वाटतं. पण लांबची वस्तू लहानच दिसते असं नाही. देवयानी आकाशात चंद्राच्या कितीतरी पट लांब पसरलेली आहे, फक्त फिकी आहे म्हणून दिसत नाही. अशा मध्यम मापाच्या वस्तूला, म्हणजे चंद्राहून मोठ्या पण नक्षत्राहून लहान वस्तूला, मोठं करून दाखवायची गरज नसते. ती अख्खी फ्रेममध्ये मावली पाहिजे आणि तिचा उजेड एकवटला पाहिजे. लांब नळी तोच उजेड जास्त जागेवर पसरवते. जांभळट झाकेवर माझ्याकडे पिवळा फिल्टर होता.

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "घोडेगावच्या बाजारात आमी दात बघतो, शिंगं बघतो, पन जुंपून चालवल्याबिगर बैल घेत न्हाई. तुमी बी दोन्ही जुंपून बघा. मंग बोलू."

मला राग आला. एवढं समजावल्यावर परीक्षा कसली? पण अध्यक्षांपुढे इलाज नव्हता. चंद्र उशिरा उगवायला लागल्यावर, रात्रीची जेवणं उरकायच्या वेळी, लांबडीला कॅमेरा लावून फोटो काढला. फिल्म धुतली तर मधोमध पुसट डाग, बाकी काही नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या संध्याकाळी आखूड नळी तिच्या तिपाईवर चढवली. निगेटिव्हवर नुसत्या रेघा आल्या, शेवया वाळत घातल्यासारख्या. माझा आनंद तिथंच संपला.

कारण साधं होतं. तारे सारखे सरकतात. उजेड साठवायला शटर वीस मिनिटं उघडं ठेवायचं, तर नळीनंही ताऱ्यांच्या चालीनं सरकायला हवं. तिपाईला ते जमत नव्हतं. बिडाच्या स्टँडला मात्र त्यासाठी एक चकती होती, ती हातानं हळूहळू फिरवायची, लांबडीच्या फोटोला मी तीच फिरवली होती.

मग मी आखूड नळी लांबडीच्या पाठीवर कातडी पट्ट्यांनी घट्ट बांधली. कॅमेरा आखूड नळीला. लांबडीतून शेजारचा एक तारा बघायचा आणि तो भिंगातल्या फुलीवरून हलू द्यायचा नाही. आता लांबडीचं मोठं दाखवणं कामी आलं, तारा केसभर हलला तरी कळत होतं.

आबा खुर्ची टाकून बसले होते. "आता काय दिसतंय?"

"एक तारा."

"आनि देवयानी?"

"ती कॅमेऱ्याला दिसते. आबा, जरा बोलू नका."

अध्यक्षांना गप्प बसवणारी त्या कॉलेजात मी पहिलीच असेन. ते खरंच गप्प बसले.

डार्करूममध्ये निगेटिव्ह उजेडासमोर धरली. आजूबाजूला बारीक ठिपके, आणि मधोमध तिरपी, चरख्याच्या चातीसारखी काळी देवयानी. अख्खी. माझे डोळे भरून आले. प्रिंट आबांनी खिडकीपाशी उजेडात धरली. मग म्हणाले, "ह्यो उजेड कवा निगाला आसंल तिथनं?"

"माणूस नव्हता तेव्हा."

"फोटो लावा हॉलमदी. दुर्बीन ठेवा."

आता प्रश्न उरला, कोणती. आखूड नळी आणि बिडाचा स्टँड एवढंच द्या, असं मी दुकानदाराला विचारलं. स्टँड लांबडीचा आहे, सुटा मिळणार नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. मंजुरी एकीचीच होती. मी एक दिवस मागून घेतला. ज्या नळीनं फोटो दिला ती घेतली, तर पुढचे सगळे फोटो रेघांचे. तिच्या जागी दुसरी लेन्स कुठूनही मिळाली असती. तसा स्टँड नगर जिल्ह्यात दुसरा नव्हता.

आखूड नळी मी स्वतःच्या हातानं भुश्शात ठेवून खोकं बंद केलं. फार वाईट वाटलं. ऑफिसात जाऊन सांगितलं, "सर, लांबडी ठेवू या."

"शेवटी पटलं ना?" प्राचार्य खुशीत म्हणाले. मी हो म्हटलं. नंतर तिच्या पाठीवर एका स्टुडिओवाल्याची जुनी पोर्ट्रेट लेन्स बांधून मी निवृत्तीपर्यंत फोटो काढले.

अजूनही कोणीतरी विचारतं, असल्या फोटोंसाठी कोणती दुर्बीण घ्यावी? मी सांगते, आखूड घ्या. पण आधी ती कशावर बसवणार ते सांगा.