झायटलरचा आखूड ट्रॉम्बोन

ओटमार झायटलर शाळेत माझ्या वर्गात होता. आपणही चुकू शकतो, हे त्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं. न्यूरेंबर्गपासून तासाभरावरच्या आमच्या गावात तो ट्रॉम्बोन घडवतो. आजचे नव्हेत, पाचशे वर्षांपूर्वी वाजवत तसले. पितळी पत्रा ठोकून नळी वळवण्यात त्याचा हात बसलेला आहे, एवढं मी कबूल करते. पुढचं कौतुक तो स्वतःच करतो.

त्याचं सगळं शास्त्र आमच्या चर्चमधल्या एका चित्रावर उभं होतं. त्यात मेरीच्या डोक्यापाशी एक देवदूत ट्रॉम्बोन वाजवतो. वाद्याची सरकती नळी फारच आखूड, चौकटीच्या अलीकडेच वळलेली. ओटमारनं १९७२ साली शिडी लावून ती देवदूताच्या मुठीच्या मापानं मोजली आणि जाहीर केलं, खरा जुना ट्रॉम्बोन हाच. लांब नळी ही नंतरच्या लोकांची भानगड.

नळी आखूड, म्हणजे खालचे स्वर गेले. वादक बिचारे म्हणाले, अहो, हे स्वर स्तोत्रात येतात. हा म्हणाला, तुमचे कान बिघडलेत. मग त्या जागी आले की ते वाद्य तोंडाला लावून नुसते बसून राहायचे. आमच्या स्तोत्राच्या शेवटच्या ओळीला बावीस वर्षं भोक पडलेलं होतं.

कारखान्याच्या भिंतीवर त्यानं युरोपभरच्या चित्रांची कार्डं लावली होती. आधी देवदूत, मग राजाच्या मिरवणुकीतले वाजंत्री, मग खानावळीतले दारुडे, आणि शेवटी जुन्या वर्तमानपत्रातला जाड्या, नळीनं पुढच्या बाईची टोपी उडवणारा. एक वाद्य स्वर्गातून कसं खाली उतरत गेलं, ते तिथे ओळीनं टांगलेलं होतं. नळी बहुतेक चित्रांत चांगली लांब. त्या प्रत्येक कार्डाखाली ओटमारनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘अडाणी’. मी त्याला सांगून पाहिलं की चित्रकार ट्रॉम्बोन काढतात तो चमकतो म्हणून, आणि लांबट रिकामी जागा भरून निघते म्हणून. त्यातल्या कित्येकांना नळ्या किती तेही माहीत नसायचं. तर मला म्हणाला, तू शाळेत चित्रकला शिकवतेस, तुला चित्रातलं काय कळणार.

१९९४ साली चित्राला पाचशे वर्षं झाली, म्हणून ते साफ करायला घेतलं. चर्चच्या समितीची मी अध्यक्ष. चित्र साफ करणाऱ्या फोइटबाईंनी सोमवारी चौकट उतरवली आणि मला बोलावून घेतलं. चौकट दोनशे वर्षांपूर्वीची. तिची रुंद पट्टी चित्रावर चढली होती. नळी मध्येच कापल्यासारखी दिसू नये म्हणून कुणा रंगाऱ्यानं पट्टीच्या आत एक खोटा वाक रंगवून दिला होता. खरी नळी त्याच्याखालून वीतभर पुढे जात होती. खोटा वाक पुसायचा तर माझी सही हवी होती, आणि रविवारी चित्राचं उद्घाटन होतं.

दुपारी ओटमार घरी आला. चित्र पाहूनच आला होता. मी पुढे ठेवलेल्या प्लमच्या केकला त्यानं हात लावला नाही.

“रेनाटे, तो वाकसुद्धा दोनशे वर्षांचा आहे. राहू दे ना.”

“खोटं म्हातारं झालं म्हणून काय त्याला पेन्शन द्यायची?”

“माझे त्रेसष्ट ट्रॉम्बोन लोकांकडे आहेत. हसतील मला.”

“आत्ताही हसतात. तुझ्या तोंडावर हसत नाहीत, इतकंच.”

त्यानं टोपी उचलून हातात फिरवली. मग म्हणाला, “निदान चौकट तरी तीच लाव. खालचं कोणाला दिसणार आहे?”

“मला,” मी म्हटलं, आणि त्याच्यासमोर सही केली.

आठवडाभर कारखान्यातून ठोकाठोक ऐकू येत होती. मला वाटलं, राग काढतोय. रविवारी हा नवा सूट घालून, लांब नळीचा ट्रॉम्बोन घेऊन चर्चमध्ये हजर. स्तोत्राची शेवटची ओळ आली आणि तो खालचा स्वर पूर्ण वाजला. चांगला वाजला. पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. नंतर अंगणात सॉसेज खाताना हा वार्ताहराला सांगत होता, “मला पहिल्यापासून शंका होतीच.”

कार्डांवरचे ‘अडाणी’ खोडरबरानं पुसले गेले. मग त्रेसष्ट जणांना पत्रं गेली. त्यांतलं एक शाळेला आलं, कारण एक ट्रॉम्बोन आमच्याकडेही होता. त्यात लिहिलं होतं, वाद्य वापरून आखडलं असण्याची शक्यता आहे, कृपया दुरुस्तीसाठी पाठवावं. ‘पितळ आखडत नाही’ अशी चिठ्ठी जोडून मी ते पाठवलं.

महिन्याभरात ट्रॉम्बोन परत आला, नळी वीतभर लांब. चिठ्ठीला उत्तर नव्हतं. मी खिडकीशी बसून भिंगातून नळी इंच इंच पाहिली. जोड कुठे दिला आहे ते सापडलं नाही. त्या माणसाचा मला सर्वांत जास्त राग आला असेल तर तेव्हा.