काकींचे बारा फोटो

माझ्या बायकोला हे माहीत नाही. म्हणजे कॅमेरा माहीत आहे — आमच्या सांगलीच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात तो अजून पडून आहे, चामड्याच्या पेटीत — पण तो घेतला तेव्हा मी काय केलं, हे मी कुणाजवळच बोललेलो नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांसमोर तोंड उघडायला मला अजून भीती वाटते. नातवंडं झालेल्या माणसाला भीती कसली, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. पण जरा दमानं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा लग्नाचे फोटो काढायचो, छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर. काम मिळायचं, मान मिळायचा नाही. मान होता तो मोठ्या निगेटिव्हवाल्यांना. शाळेचा ग्रुप फोटो काढायचा म्हणजे पोरांच्या रांगांवर रांगा, आणि प्रत्येक आईला आपल्या पोराचं नाक स्पष्ट दिसलं पाहिजे. छोटी फिल्म मोठी केली की ती नाकं फुटाण्यासारखी दिसतात. त्याला एकशेवीसचाच रोल पाहिजे, बारा चौकोनी फोटोंचा. आणि एकशेवीसचा कॅमेरा नवा घ्यायची माझी ऐपत नव्हती.

अशात कळलं की रहिमतपूरचे बापूकाका आपला कॅमेरा विकतायत. दोन भिंगांचा, कमरेशी धरून वरून आत वाकून बघायचा. काकांनी त्यावर जन्म काढला होता. पाचगणीच्या एका शाळेचं दरवर्षीचं काम त्यांच्याकडे होतं, आणि जो कॅमेरा घेईल त्यालाच ते काम सोपवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मोतीबिंदू झालेला, फोकस दिसत नव्हता. मी गेलो. त्यांनी मला एवढी कमी किंमत सांगितली की मला घासाघीस करायचीही लाज वाटली. वर, आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो, हे त्यांना ठाऊक. म्हणून लेकीला, शालनला, चुलीला लवकर लावलं होतं. ती लोणंदला दिलेली. आई गेल्यापासून बापाकडं येऊन-जाऊन असायची.

हो, काकी गेल्या होत्या. तीन-चार महिने झाले असतील.

फोटोवाल्याच्या घरात बायकोचा फोटो नसतो, ही आमच्या धंद्यातली जुनीच गंमत. सगळ्या गावाचे फोटो काढायचे आणि घरचीला म्हणायचं, काढू की, पळून चाललीस का? काकांनी आयुष्यभर तेच केलं. शेवटी काकी अंथरुणाला खिळायच्या जरा आधी, एका सकाळी त्यांना अंगणात बसवून अख्खा रोल काढला. बारा फोटो. तो रोल कॅमेऱ्यातच होता. काकी गेल्यावर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता.

पेटी माझ्या हातात देताना ते म्हणाले, "लय जपून, गड्या. आत तिचे बारा हायती. घरी जाऊन रोल शेवटपत्तोर गुंडाळ, मगच पाठ उघड. धुऊन आण. मला दिसत न्हाई, पर शालन बघंल."

मी मान हलवली. ऐकलं होतं मी. ऐकलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

स्टेशनवर पॅसेंजरला वेळ होता. बाकड्यावर बसलो, पेटी उघडली. नव्या नवरीकडं बघावं तसं त्या कॅमेऱ्याकडं बघत होतो मी. शटर कसं उघडतं-मिटतं ते आकाशाकडे धरून बघावं म्हटलं — आणि मागचं झाकण उघडलं.

छोट्या कॅमेऱ्याची सवय. त्यात रोल संपला की उलटा गुंडाळून डबीत जातो, मग पाठ खुशाल उघडा. एकशेवीसमध्ये डबी नसते. फिल्म उघडी असते. उतरत्या उन्हात मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी झाकण आपटलं. पेटीची पट्टी काही केल्या लागेना. गाडीत बसलो तेव्हा शेजारच्यानं विचारलं, ताप आहे का?

इथवर चूक. चूक कुणाच्याही हातून होते, नाही का? इथं थांबलो असतो तर ही गोष्ट मी बायकोला केव्हाच सांगितली असती.

घरी आल्यावर दोन दिवस रोल तसाच ठेवला. मग न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून दुपारी धुतला. सगळा काळा निघेल अशी माझी खात्री होती. खरं सांगू? तसाच निघावा, अशी इच्छा होती.

नाही निघाला. एकशेवीसच्या फिल्मला पाठीशी कागद असतो, आणि आतले वेढे त्या कागदानं सांभाळले होते. बाहेरचे फोटो गेले होते, मधल्यांवर कडेनं काळा लोळ उतरला होता. पण सुरुवातीचे चार शाबूत होते. चार! एखाद्याला आनंद झाला असता. मला घाम फुटला. कारण तो लोळ कुठल्याही फोटोवाल्याला ओरडून सांगतो — याची पाठ उजेडात उघडली. काकांना दिसलं नसतं, पण शालननं फिल्म दुसऱ्या कुणाला दाखवली असती. पाठ उजेडात उघडणाऱ्याला काका पाचगणीच्या शाळेत पाठवतील? कॅमेरा तरी ठेवू देतील? ते चार कापून वेगळे नेले असते, तर बाकीचे कुठं आहेत, हा प्रश्न आलाच असता.

मी तो रोल बंबात टाकला. चारही शाबूत फोटोंसकट. फिल्म आक्रसली, घाण वास सुटला. बायकोनं बाहेरून विचारलं, काय जळतंय? म्हटलं, काही नाही.

मग एक कोरा रोल घेतला, फोटो न काढता तसाच धुतला. स्वच्छ, काचेसारखा निघाला. न उमटलेली फिल्म तशीच दिसते. आणि न उमटण्याचं एक कारण आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे — दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात आपण वरच्या भिंगातून बघतो, फोटो उमटतो खालच्यातून. खालच्यावरचं झाकण काढायचं राहिलं, तरी बघणाऱ्याला कळत नाही. पोरासोरांची चूक ही. नव्या शिकाऊ पोराला त्यावरून वर्षभर चिडवतात.

ते मी रहिमतपुरात जाऊन, पाटावर बसून, ती कोरी फिल्म शालनपुढं धरत काकांना सांगितलं. तुम्हीच झाकण विसरलात, असं उघड म्हणालो नाही. तेवढाही दम नव्हता. "खालचं झाकण राहिलं असेल का, काका?" एवढंच विचारलं. प्रश्न केला. उत्तर त्यांच्याकडून काढून घेतलं.

काका म्हणाले, "राहिलं आसंल." शालन बापावर कडाडली. "आवं आबा, जलमभर लोकांचं काढलंसा, आन् आईच्या येळंला झाकान काढाया इसरला?" आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मी तिथंच बसून होतो. समोर चहा होता, तो प्यायलो.

पाचगणीचं काम मला मिळालं. काकांनी स्वतः शाळेत नेऊन ओळख करून दिली, आणि तिथल्या शिपायालाही हसत सांगितलं, "म्या झाकान न काढताच बायकूचं फोटो काढलं बगा." गावात ते स्वतःच सांगायचे. लोक हसायचे. शालन पुढं कितीतरी महिने रहिमतपूरला आली नाही, हेही कानावर आलं.

वर्षभरानं त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि एक दिवस जाड चष्मा लावून ते सांगलीला माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, "दिसाया लागलं रं. त्यो रोल असला तर दाव." माझी कोरी फिल्म दुसऱ्या कंपनीची होती, आणि कंपनीचं नाव फिल्मच्या कडेला बारीक अक्षरात असतं. हरवली म्हणायचं धाडस झालं नाही. आणून दिली. त्यांनी ती खिडकीशी धरली. बोटानं अंदाजानं एकेक घर मोजलं. मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो, कडेकडे जातंय का म्हणून. त्यांनी कडेला बघितलंच नाही. ते काकींना शोधत होते. कुठंतरी पुसटशी रेघ, पदराची कड, काहीतरी. मग फिल्म गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "व्हय. झाकानच." मला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं! त्या क्षणाची मला आज बंबापेक्षाही जास्त किळस येते.

काका गेले. शालन असेल, लोणंदलाच असेल. मी शोध घेतलेला नाही. बाजारात तिच्यासारखी कुणी दिसली की मी अजूनही रस्ता बदलतो.

आणखी एक राहिलं. टाकण्याआधी ती ओली फिल्म मी खिडकीशी धरून नीट बघितली होती. निगेटिव्ह, म्हणून पिकलेले केस काळे दिसत होते आणि चेहरा गडद. तिसऱ्या फोटोत काकी हसत होत्या. काका काहीतरी बोलले असणार, कारण एक हात त्यांनी "पुरे आता" असा वर केलेला होता आणि मान कलती झाली होती. समोरचा एक दात नव्हता. तो फोटो या जगात एकाच माणसानं पाहिला, आणि तो मी आहे.