त्या गणितात माझी मुलगी

कुठल्या तरी मेलेल्या हुकूमशहावरून दोन मराठी माणसं कायमची भांडतात का, असं मला इथल्या लोकांनी बऱ्याचदा विचारलंय. आम्ही भांडलो. दीड वर्ष झालं, माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही ओमानमध्ये बरक्याला राहतो. रस्त्याच्या कामावर मी मटेरियल लॅबमध्ये आहे. रस्ता झाला की त्यातून नमुने कापून काढायचे आणि खालचे थर कागदावर दाखवलेत तेवढे खरंच आहेत का ते तपासायचं, हे माझं काम. ज्यांच्याशी भांडलो त्यांना सगळे दादा म्हणतात. चिपळूणकडचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, त्याच कामावर प्लॅनिंगला. रुस्ताकच्या साइटवर आम्ही दोघं रोज त्यांच्याच गाडीतून जायचो. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास.

दादांचे माझ्यावर उपकार आहेत, ते आधीच सांगतो. माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. ती आता चौदा वर्षांची आहे. मी तिला आणि बायकोला इकडे आणलं तेव्हा कुठलीच शाळा तिला घेईना. दादांनी चार ठिकाणी ओळखी काढून मस्कतला एक थेरपिस्ट बाई शोधून दिल्या. माझ्याकडे तेव्हा लायसन नव्हतं, तर वर्षभर दर शनिवारी स्वतः गाडी काढून आम्हाला नेलं. मुलगी त्यांच्या शेजारी बसायची आणि आधी त्यांचा बेल्ट लावून द्यायची, मग स्वतःचा.

त्यामुळे तीन वर्षं मी ऐकून घेतलं.

सुरुवात नेहमी ट्रॅफिकपासून व्हायची. कुणी उजवीकडून घुसला की दादा म्हणायचे, "शिस्त नाही रे आपल्या लोकांना." तिथून भारत. मग, "एकच माणूस पाहिजे, दांडका घेऊन बसणारा." आणि शेवटी जर्मनी. "सहा वर्षांत बेकारी झीरो. रस्ते असे की आजही जग बघायला जातं. लढाईचं सोड, ती त्याची चूक. पण इकॉनॉमी? मानलंच पाहिजे." मोबाइलवर त्यांना असले मेसेज यायचे, खाली त्या रस्त्यांचे फोटो. ते मला पाठवायचे आणि सकाळी गाडीत विचारायचे, "बघितलंस का?" मी "हो" म्हणायचो. माझ्या घरात बुद्धाची तसबीर आहे. दांडकेवाला माणूस आला की पहिला दांडका कुणाच्या पाठीत बसतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी मी "हो" म्हणायचो. गाडी त्यांची, वयानं मोठे, आणि शनिवारची ती वर्षभराची खेप.

मग कामावर एक म्हातारे जर्मन इंजिनियर आले. साठी उलटलेले, काटक, कमी बोलणारे. रस्त्याला तडे का जातायत ते बघायला त्यांना दोन महिन्यांसाठी बोलावलं होतं. एके दिवशी त्यांची गाडी गॅरेजला गेली म्हणून ते आमच्याबरोबर निघाले. दादा खुशीत होते. इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. हायवे सोडून आम्ही रुस्ताकच्या रस्त्याला लागलो, समोर डोंगर दिसायला लागले, आणि दादांनी इंग्रजीतून सुरू केलं, "सर, रस्ते तुमच्याकडून शिकावेत. त्या माणसाने बाकी काही केलं असेल, पण देश उभा केला."

जर्मन साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "पुढे चहाचं दुकान दिसलं तर थांबूया?"

आम्ही थांबलो. दुकानवाल्याने गाडीपाशीच कडक चहा आणून दिला. साहेब खाली उतरून बॉनेटला टेकून उभे राहिले.

"माझे आजोबा त्या रस्त्यांवर होते," ते म्हणाले. "फावडं घेऊन. यंत्रं होती, पण ती मुद्दाम बाजूला ठेवलेली, म्हणजे जास्त माणसं कामावर दिसतील. घरापासून लांब, बराकीत राहायचं. मजुरी बेकारभत्त्याहून जेमतेम जास्त. नको म्हटलं तर भत्ता बंद. युनियन मोडलेली, संप केला तर तुरुंग. पुढे नोकरीचं पुस्तकही मालकाच्या ताब्यात, त्याने दिलं नाही तर दुसरीकडे जाता येत नाही. आणि त्या रस्त्यांची कल्पना त्याची नव्हतीच. तो सत्तेवर येण्याआधी पहिला तुकडा वाहतुकीला खुला झाला होता."

"पण बेकारी तर संपली ना, सर?" दादांनी विचारलं.

"बायकांना नोकरी सोडून घरी बसायला लावलं आणि यादीतून काढलं. ज्यूंना कामावरून हाकललं, त्यांनाही मोजलं नाही. तरुण पोरं आधी मजुरीच्या छावण्यांत, मग सैन्यात. उरलेले दारूगोळ्याच्या कारखान्यात, तेही उसन्या पैशांवर. ते उसनं फेडायचं तर शेजाऱ्यांना लुटण्यावाचून मार्ग नव्हता. त्यांनी लुटलं."

दादा हसत म्हणाले, "तरी सर, लोकांच्या हाताला काम तर होतं."

साहेबांनी चहाचा कप बॉनेटवर ठेवला. पुढचं त्यांनी दादांकडे न बघता सांगितलं. त्यांच्या आजीच्या धाकट्या बहिणीला फिट्स यायच्या. ती एका संस्थेत असायची, छान भरतकाम करायची. साहेबांची आई तेव्हा शाळेत होती. तिच्या गणिताच्या पुस्तकात एक उदाहरण होतं: एका वेड्या माणसाला पोसायला रोज इतका खर्च येतो, तर अशा सगळ्यांच्या खर्चात निरोगी कुटुंबांसाठी किती घरं बांधता येतील? आईने ते सोडवलं. उत्तर बरोबर आलं, बाईंनी पाठ थोपटली. पुढे काही वर्षांनी संस्थेत करड्या रंगाची बस आली आणि आईच्या या मावशीला घेऊन गेली. घरी पत्र आलं, न्यूमोनियाने गेली म्हणून. पत्र खोटं होतं; त्या बसमधून नेलेल्यांना मारून टाकलं होतं.

"आई म्हातारी झाली तरी," साहेब म्हणाले, "घरखर्चाची बेरीज करायला बसली की मध्येच रडायची. आम्हाला कारण माहीत नव्हतं. मरायच्या आधी सांगितलं."

दादा म्हणाले, "व्हेरी सॅड, सर." आणि गाडी सुरू केली.

दिवसभर माझं लॅबमध्ये लक्ष नव्हतं. एक नमुना मी दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा चुकीचा लिहिला.

दुपारी परत निघालो तेव्हा साहेब साइटवरच थांबले होते, गाडीत आम्ही दोघंच. दादा म्हणाले, "हे गोरे लोक फार सेंटी असतात बघ. त्याच्या मावशीआजीचं वाईट झालं, मान्य. पण इकॉनॉमी वेगळी आणि हे वेगळं."

मी काच खाली केली.

"शेवटी देश पुढे न्यायचा म्हणजे थोडा भार कमी करावाच लागतो. जगात सगळीकडे तेच आहे."

"दादा, गाडी थांबवा."

"का रे? उलटी होतेय?"

"थांबवा म्हणतोय ना!"

त्यांनी गाडी कडेला घेतली.

"भार म्हणजे कोण?" मी विचारलं. "सांगा. कोण भार?"

"अरे, तू एवढा…"

"माझी मुलगी कमवत नाही. पुढेही कमवणार नाही. तिच्या थेरपीला किती लागतात ते तुम्हाला माहितीये, तुम्हीच ओळख काढून दिलीत. मांडा गणित. किती घरं होतात?"

त्यांचा चेहरा उतरला. "तिच्याबद्दल कोण बोललं? ती माझ्या मुलीसारखी आहे."

"त्या बसमध्ये बसलेल्यासुद्धा कुणाच्या तरी मुलीच होत्या. तुम्ही म्हणता ती इकॉनॉमी त्यांना वगळून यशस्वी झाली. मी नमुने काढतो दादा, वरचं डांबर चकचकीत आहे म्हणून रस्ता पास करत नाही. आणि तुमची एनओसी जुन्या कंपनीने अडवली होती तेव्हा? दोन वर्षं तुम्ही मालकाला शिव्या घालत होतात, नोकरी बदलता येत नाही म्हणून. त्या जर्मनीत मजुराच्या नोकरीचं पुस्तक मालकाकडे असायचं, त्याने सोडलं नाही तर माणूस अडकला. तिथे असता तर तुम्ही त्या बराकीत असता, फोटो काढणाऱ्यांत नाही!"

"मला लेक्चर देऊ नकोस," दादा आता खरे चिडले. "मी तुझ्यासाठी काय काय केलं ते विसरलास वाटतं."

मी उतरलो. ते दोनदा "बस आत" म्हणाले, मग निघून गेले. उन्हात रस्ता नुसता तापलेला. मी चालत राहिलो, मोठ्याने बोलत, एकटाच. अर्ध्या तासाने पिकअपमध्ये बकऱ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने गाडी थांबवली, दार उघडलं आणि फक्त "यल्ला", म्हणजे चल, एवढंच म्हणाला. त्याने मला बरक्यापर्यंत सोडलं. वाटेत काही विचारलं नाही.

घरी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल बरं केलंस. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "एवढं होतं तर तीन वर्षं 'हो हो' का करत होतास?"

निम्मा राग तिथून स्वतःवर वळला तो वळलाच.

दोन आठवड्यांनी दादा घरी आले. हातात हलव्याचा डबा. मुलीने दार उघडलं आणि त्यांचा हात धरून थेट सोफ्यावर नेऊन बसवलं. ती त्यांना शाळेतली चित्रं दाखवत राहिली, ते एकेक चित्र नीट बघत राहिले. खोटं नव्हतं ते, आणि त्यामुळेच माझं डोकं जास्त फिरत होतं. जाताना दारात म्हणाले, "झालं गेलं सोडून दे."

"सोडतो," मी म्हणालो. "फक्त एवढं म्हणा, की ते यश नव्हतं."

ते चपला घालत खाली वाकले होते. तसेच थांबले. "आर्थिक बाजूने बघितलं तर…" त्यांनी सुरू केलं.

मी दार लावून घेतलं. आतून मुलगी विचारत होती, काका का गेले.

मध्यंतरी इथल्या मराठी मंडळींचं जेवण होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला. नव्याने आलेला एक इंजिनियर ताट हातात घेऊन सांगत होता, की जर्मनीत त्या काळात बेकारी शून्य होती, लोकशाहीत असलं जमत नाही. दोघंतिघं माना हलवत होते. मी ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "कुणाकुणाला मोजलं नव्हतं, माहितीये?" मग बोलतच राहिलो. फावडी, बराकी, ती बस, ते गणित. माझा आवाज चढला होता. बायका मुलांना घेऊन बाहेर गेल्या. कुणी तरी म्हणालं, "जेवू तरी द्या, साहेब." माझी बायको शेजारी उभी होती, तिने माझी बाही ओढली नाही.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला दादा होते. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी घास उचलला नाही. मग हात धुवायला गेले आणि तिथूनच खाली उतरून गेले. त्यांना काही पटलं होतं, की नुसती लाज वाटली होती, मला माहीत नाही. तो इंजिनियर मला म्हणाला, "तुम्ही पर्सनली घेताय."

"हो," मी म्हणालो. "पर्सनलीच घेतोय."