गिरणीतलं मीठ धुणारा नामाकाका

दिवाळे गावामागची सूतगिरणी बंद पडून बावीस वर्षं झाली. पत्रे गेले, मशिनं गेली, राहिल्या भिंती आणि बाभळी. तिथे बाग व्हावी म्हणून मी सहा वर्षं ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या, दोनदा शिपायाने मला केबिनबाहेर काढलं, तरी जागा मिळवलीच. पण अटीवर. तीन वर्षांत जमिनीत तीनशे झाडं जिवंत दिसली पाहिजेत, नाहीतर प्लॉट गोदामांना.

पुढच्या आवारात एकशे वीस जगली. मागचं पटांगण मात्र झाडं खायचं. दोन वर्षं लावली, दोन्ही वर्षं जळाली. मी नर्सरीवाल्याला झापलं, टँकरवाल्याशी भांडले. नामाकाका भिंतीवर बसून बघायचा.

हा आमच्याच आळीतला. पासष्टीचा, काटक, कमरेला रुमाल. सव्वीस वर्षं त्याने गिरणीत कापसाच्या गाठी उतरवल्या. ज्या पटांगणात उतरवल्या, ते मुळात त्याच्या बापाचं भातशेत.

"माले, खाली मीठ हाय," तो मला म्हणाला. "गिरनीवाल्यांनी उघाडी बुजवली, तवापासून आतच कोंडलंय."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप. भरतीला लावायची, ओहोटीला उघडायची.

"काका, एक्सपर्ट बघून गेलाय."

"बघून गेला. चाखून गेला का?"

मी हसले. मीठ पिकवणाऱ्या आगरी घरातली पोर असून हसले. चूक झाली ती ही.

तिसऱ्या वर्षी मी करंज, भेंड, कडुनिंबाची दोनशे रोपं आणून टाकली आणि पुन्हा ऑफिसात भांडायला गेले. आले तर काकाने उघाडी उकरून तिला नवी फळी बसवलेली, पटांगणाला गुडघाभर बांध घातलेले, आणि आत पावसाचं पाणी तुंबवलेलं. आठ दिवस पाणी मुरू द्यायचा, ओहोटी लागली की खाडीत सोडायचा, भरतीआधी फळी लावायचा, मग पुन्हा तुंबवायचा. घड्याळ नाही, तिथी बोटांवर. तांदूळ धुवावेत तसं त्याने पटांगण धुतलं.

समोरच्या सोसायटीतल्या सुनीती मॅडम तक्रार घेऊन आल्या. "हे पाणी साचवलंय, डेंग्यू झाला तर?"

"बाई, आत मासं सोडल्यात. डास दिसला तर मना दावा, त्याला पन सोडत नाय."

मॅडम रोज सकाळी डास शोधायला येऊ लागल्या. दहाव्या दिवशी काकाला चहाचा थर्मास आणला.

श्रावणात बघते तर पटांगणात भात! माझी रोपं भिंतीच्या सावलीत, पिशव्यांतच.

"काका, झाडं मोजणार आहेत, झाडं! तुझ्या भाताला कोण विचारतंय?"

"मी इचारतंय. भात जगला तं झाड जगल. नाय जगला तं तुजी रोपं तरी वाचतील."

आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला फरक पडला नाही.

दसऱ्यानंतर तपासणीला अभय साहेब आले, पांढरे शूज घालून. पुढची मोजली, एकशे वीस. पटांगणात पिवळं भात डुलत होतं.

"पिशवीतली धरता येत नाहीत," साहेब म्हणाले. "आणि हे शेत आहे."

माझं डोकं फिरलं. तोंड उघडणार, तेवढ्यात काकाने साहेबांच्या तळहातावर दोन चिमटी माती ठेवली. एक बांधाबाहेरची, एक भातातली.

"चाखा."

"केमिकल नाही ना?"

"सूतगिरनी होती, साहेब. कापूसच भेटल."

साहेबांनी जीभ लावली. पहिलीला तोंड वाकडं केलं. दुसरी चाखून भाताकडे बघत राहिले. "पण कागदावर मुदत आजचीच आहे," ते म्हणाले. "मी पाच वाजेपर्यंत इथेच आहे."

आणखी काय सांगायला हवं? मी गावात फोन लावले. सखूआत्या मासळीची पाटी सोडून बाजारातल्या कोळणी घेऊन आली. सुनीती मॅडमनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, चाळीसेक माणसं उतरली. पुढे विळे, मागे कुदळी. भात कापलं की खड्डा, खड्डा झाला की रोप.

"अगो मॅडम, मुळी खाली!" सखूआत्या ओरडली.

"माहितीये मला!" म्हणत मॅडमनी रोप सुलटं केलं.

पाचला साहेब मोजायला शिरले. पांढरे शूज कुठल्या रंगाचे झाले ते विचारू नका. बाहेर येऊन त्यांनी कागदावर लिहिलं, तीनशे सतरा. सही केली. मी नाक पुसत होते, धुळीने.

"एक सुटलं," नामाकाका म्हणाला.

"काका, तीनशेच्या वर गेली, झालं की!"

"तुमचं झालं. त्या कोपऱ्यातल्या भेंडाचं काय? लावलंय, तं मोजाचं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पुन्हा चिखलात उतरले.