आम्ही देशात मोडत नव्हतो

माझी कंपनी परदेशी, ऑफिस हिंजवडीला. दरवर्षी जगभरातल्या ऑफिसांची गाण्याची स्पर्धा व्हायची. प्रत्येक देशाचं एक गाणं, सगळीकडे मोठ्या पडद्यावर दाखवायचे. त्या वर्षी मी नाव दिलं, तर वरून उत्तर आलं, भारत चालणार नाही. जिथे कंपनीचे ग्राहक, तोच देश. आपण नुसतं काम करून देणारं केंद्र.

मी तडक मॅनेजरकडे गेले. "ग्राहक असले की दोन माणसांचं ऑफिस असलं तरी तो देश, आणि आम्ही एवढे इथे राबतो ते काय अधांतरी?"

"अगं, पॉलिसी आहे. मी काय करू?" तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला.

माझा जीव तुटत होता तो बाबांसाठी. मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी म्हणून त्यांची हयात गेली, पण मला गाणं त्यांनीच शिकवलं. "घरात होतो तो रियाज. भरल्या सभागृहात होतं ते गाणं," असं म्हणायचे. माझं तसलं गाणं त्यांनी अजून ऐकलंच नव्हतं. आधी परीक्षा आडव्या आल्या, मग नोकरी. आणि आता त्यांचे कान चालले होते. डॉक्टर म्हणाले होते, यंत्र लावा, पण फार दिवस उपयोग व्हायचा नाही.

मग ईमेलवर खडाजंगी झाली. आमच्यासारखंच वगळलेलं फिलिपिन्सचं ऑफिसही भांडलं. शेवटी तोडगा निघाला. आम्ही गायलो तर हरकत नाही, पण इंग्लंडच्या नावाने. पडद्यावर झेंडाही त्यांचाच.

मी हो म्हणणार होते. झेंडा कुणाचा का असेना! कोथरूडला घरी आले आणि बाबांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं.

"आपलं काम चालतं, नाव चालत नाही. वा रे वा!" बाबा म्हणाले. "दुसऱ्याच्या पाटीखाली गायचं नाही."

"अहो बाबा, पुढच्या वर्षी तुम्हाला ऐकू येणार आहे का?"

"नाही येणार. तरी नाही."

असा संताप आला त्यांचा! पण शब्द मोडवेना. मी नाव काढून घेतलं.

पुढच्या वर्षी नियम बदलला. का, ते कुणी सांगितलं नाही. बहुधा कंपनीला इथेही ग्राहक मिळाले असावेत. मी भारताच्या नावाने गायले, बाबांनीच चाल लावलेलं गाणं. ऑफिसच्या सभागृहात घरच्यांनाही बोलावलं होतं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. कानात यंत्र होतं, पण त्यातून त्यांना नुसती घरघर यायची. ते माझ्या ओठांकडे एकटक बघत होते.

ध्रुवपद संपलं. अंतऱ्याआधी पेटीचा मोठा तुकडा होता, तोही त्यांनीच बांधलेला. माझे ओठ थांबले, पेटी सुरू झाली, आणि भरल्या सभागृहात बाबा एकटेच उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.