नानांच्या हातातली काच

"एसी कोणी लावलान रे मेल्या?"

नाना काचवाल्यांचा हा आवाज ओमानमधल्या सीबच्या गॅरेजमधून निघाला तो थेट समुद्रात शिरला, आणि मासे म्हणे दोन दिवस किनाऱ्याकडे फिरकले नाहीत. एरवी नाना इतकं हळू बोलत की समोरच्याने वाकून ऐकावं. गाडीत मी एकटाच होतो, त्यामुळे प्रश्नाला फारशी उत्तरं नव्हती.

"आपोआप लागला असेल, नाना."

"हो. गाडीलाच उकडत होतं."

लांज्याचे नाना गाडीच्या पुढच्या काचेवर खडा उडून पडलेले टवके भरत. गाडी आली की आधी तासभर पत्र्याच्या सावलीत. मग काचेवर तळहात ठेवून डोळे मिटायचे, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. कुणी 'यल्ला, यल्ला' म्हणत कितीही घाई करो, त्यांचं म्हणणं एकच, "यल्ला काचेला सांगा. मला सांगून काय उपयोग?" आणि काम झालं की, "बावीस वर्षं झाली, माझ्या हातात काच पळाली नाही." पळाली म्हणजे टवक्यातून तडा धावत गेला. हे इतक्यांदा, की शेजारचा मल्याळी पंक्चरवाला ते वाक्य झोपेत शुद्ध मराठीत बोले.

त्या दिवशीची गाडी आमच्या अर्बाबची, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकांची. मी त्यांच्या ऑफिसातला कारकून. टवका मसुरीच्या डाळीएवढा. नानांनी त्यावर छोटा पंप बसवून पातळ रेझिन सोडलं आणि मला बजावलं, "आत बसायचं तर बस. कशाला हात लावू नको."

पण जूनची दुपार. मवालेहच्या भाजीबाजारात टोमॅटो पेटीतच शिजत होते, चटणीला फक्त मीठ घालायचं बाकी होतं. मी एसी पूर्ण सोडला. तापलेल्या काचेला आतून गार झोत लागला, 'टक' झालं, आणि त्या डाळीतून वीतभर तडा निघाला, नेमका ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर.

एकदा ओरडून झाल्यावर नाना पुन्हा हळू बोलू लागले. "एसी बंद. चारी दारं उघड, हळू. आपटलंस तर काचेच्या जागी तुलाच बसवीन." पंप सैल केला. तळहात ठेवून उभे राहिले. तडा अजून सरकतच होता. तो हजार किलोमीटरवरच्या सलालापर्यंत जाणार याची मला खात्री होती. मग नानांनी त्याच्या वाटेवर, काचेच्या फक्त वरच्या थरात, सुईएवढ्या ड्रिलने एक भोक पाडलं. तडा भोकापर्यंत आला आणि थांबला. पण दिसायचा तो दिसत होताच.

तेवढ्यात अर्बाब आले. शांत माणूस. वाकून काच पाहिली आणि विचारलं, "ये कैसे हुआ?"

मी कोथिंबिरीच्या जुडीवरही पाऊण तास बोलतो. त्या क्षणी मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. पायात चपला होत्या.

नाना माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "मेरे हाथ में हुआ, अर्बाब."

अर्बाब रागावले नाहीत. पण कंपनीच्या नऊ गाड्या पुन्हा नानांकडे गेल्या नाहीत. आणि बावीस वर्षांचं ते वाक्य नानांनी परत उच्चारलं नाही. पंक्चरवाल्यानेसुद्धा.

मी मात्र टवका नसतानाही जात राहिलो. बिनदुधाचा सुलेमानी चहा प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, निघायचं. यंदा नाना कायमचे गावी निघाले. विमानतळावर, त्यांच्या खोक्यांना दोरी बांधताना, मी शेवटी विचारलं, "नाना, त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?"

नाना पासपोर्ट चाचपत म्हणाले, "तू घेशील म्हणून थांबलो होतो."