घरी तेरा, गाडीत अकरा

असल्या गोष्टी कोणी मुद्दाम साठवत नाही, तरी साठतात. विजय नगरात आम्ही तीन-चार म्हातारे रोज संध्याकाळी बाकावर बसतो. सगळे फॅक्टरीतले रिटायर्ड. परवा एकाचा नातू रुसून आला. "आजोबा, मम्मी ने झूलेवाले को बोला मैं पाँच का हूँ! मी तर सातचा आहे ना!"

पोरगं बिचारं न्याय मागत होतं आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतो. मग जे सुरू झालं ते दिवे लागले तरी थांबेना. एकाचं संपलं की दुसरा म्हणायचा, "अरे हे तर काहीच नाही!"

आमच्या तरुणपणीची ती लढाईची वर्षं होती. आधी चीन, मग पाकिस्तान, मग पुन्हा पाकिस्तान. फॅक्टरी रात्रंदिवस चालायची. आम्ही तोफेच्या गोळ्यांचे भाग करायचो आणि तिथे केसाएवढा फरक चालत नसे. पोरांच्या वयात मात्र कितीही चालायचा. रेल्वेत बाराच्या आत अर्धं तिकीट, त्यामुळे आमच्या क्वार्टरांच्या लायनीत बारा वर्षांचं पोर मी कधी पाहिलंच नाही. अकराचं पोर एकदम मॅट्रिकला बसायचं!

माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. म्हणून या बाबतीत माझं चारित्र्य स्वच्छ. मी नुसता साक्षीदार.

* * *

आमच्या सेक्शनचा माल तपासायला इन्स्पेक्शनचे दाणीसाहेब होते. कडक माणूस. माल हातात घ्यायचे, मापाचं गेज लावायचे, आणि जरा अडकलं की "रिजेक्ट!" समोर कोण आहे ते बघायचे नाहीत. खुद्द त्यांचा साडू आमच्याकडे लेथवर होता, त्याचाही माल फेकला होता.

एकदा दाणीसाहेब छोट्या लायनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं गोंदियाला निघाले. सोबत थोरला मधू, वय साडेतेरा. पोरगा बापाच्या खांद्याला लागलेला, आवाज फुटलेला. नैनपूरच्या पुढे टी.सी. आला.

"बच्चे की उमर?"

"साढ़े ग्यारह," दाणीसाहेब म्हणाले. चेहऱ्यावर तोच इन्स्पेक्शनवाला करडेपणा.

टी.सी.नं मधूकडे पाहिलं. "क्यों बेटा, साढ़े ग्यारह?"

मधूला सक्त ताकीद होती की तोंड उघडायचं नाही, कारण उघडलं की आवाज यायचा तो सरळ चाळिशीतल्या माणसाचा. त्यानं नुसती मान हलवली. टी.सी.ला तो मुका वाटला. त्याला दया आली आणि तो पुढे गेला.

त्याच डब्यात, पलीकडच्या बाकावर, आमच्या सेक्शनचा मुळे बसला होता. तोही लेथवरचा. सगळं ऐकत होता.

सोमवारी दाणीसाहेबांनी मुळेचा अख्खा ट्रे परत केला. "केसभर जास्त आहे. रिजेक्ट!"

मुळे शांतपणे म्हणाला, "साहेब, परवा गाडीत तुम्ही दोन वर्षं पास केले, अन् आज माझा एक केस काहून फेल करून राहिले?"

दाणीसाहेबांनी चष्मा पुसला. "ती रेल्वे आहे," ते म्हणाले. "ही लढाई आहे. रिजेक्ट!"

* * *

आमच्या लायनीतल्या डबीरवहिनींना दोन मुली. मंगल तेराची, कुंदा अकराची. गाडीत बसल्या की दोघी अकराच्या. आता दोन सख्ख्या बहिणी एकाच वयाच्या म्हटल्यावर त्यांना जुळं व्हावंच लागायचं! त्यांना त्याची सवय झाली होती.

एका प्रवासात समोर बालाघाटची एक सधन बाई बसली होती. तिनं टी.सी.शी झालेलं बोलणं ऐकलं आणि तिचा चेहराच उजळला. "अग बाई, जुळ्या! आमच्या सुनेला चार वर्षांत काही नाही हो. तुम्ही काय केलं होतं? कुठला नवस?"

टी.सी. अजून त्याच डब्यात उभा. वहिनी काय करणार? म्हणाल्या, "ग्वारीघाटावर नर्मदामाईला दोन दिवे सोडले."

"दोन?"

"हो, म्हणून तर दोन झाल्या."

बाईंनी तिथल्या तिथे सारख्याच फ्रॉकमधल्या दोन्ही मुलींना खाऊ दिला, वहिनींचा पत्ता घेतला आणि बालाघाटला उतरून गेल्या. वहिनी विसरल्या.

पुढच्या वर्षी दारात टांगा थांबला. बाई पेढ्यांचा डबा घेऊन उतरल्या. सुनेला जुळं झालं होतं! दोन दिवे सोडले होते त्यांनी. त्या वहिनींच्या पायाच पडायला लागल्या. वहिनी मागे मागे सरकत होत्या, आणि बाई म्हणत होत्या, "तुमच्या जुळ्या कुठे आहेत? त्यांना डोळे भरून पाहते."

नेमक्या तेव्हाच दोघी शाळेतून आल्या. मंगल साडीत, अगदी लग्नाची दिसणारी. कुंदा फ्रॉकमध्ये, दोन वेण्या, हातात अर्धी खाल्लेली बोरं. बाईंनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं.

डबीरवहिनींनी पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे सांगितलं, "एक माझ्यावर गेली, एक ह्यांच्यावर."

आतून बाहेर आलेले डबीर जेमतेम पाच फुटांचे होते, त्यामुळे बाईंची खात्री पटली!

* * *

आमच्याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात आमचा न्हावी होता, रामदीन. पोरांची कटिंग अर्ध्या भावात. आमच्या लायनीतला एक बाप त्याच्याकडे आपला 'बच्चा' घेऊन गेला. बच्च्याला चांगली कोवळी मिशी फुटलेली.

रामदीननं मुकाट्यानं कटिंग केली, कपडा झटकला. बाप म्हणाला, "अरे भैया, जरा मूँछ भी साफ कर दो."

रामदीननं अर्धी मिशी साफ केली आणि वस्तरा मिटला.

* * *

मांडीवरच्या लेकराला सिनेमात तिकीट लागत नसे. पांढरीपांडे नावाचे आमचे एक क्लार्क होते. त्यांनी आपल्या बाळूला नऊ वर्षांचा होईपर्यंत मांडीवर ठेवलं! शालीत गुंडाळायचे, खांद्यावर टाकायचे आणि दारावरच्या माणसाला म्हणायचे, "सो गया है, धीरे बोलो." बाळूचे पाय बापाच्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे. पांढरीपांडे घामाघूम व्हायचे, पण पिक्चर सोडायचे नाहीत.

चीनच्या लढाईनंतर पिक्चर संपलं की राष्ट्रगीत वाजायला लागलं. लोक दाराकडे पळायच्या बेतात असायचे, पण थांबायचे. एके दिवशी पांढरीपांडे बाळूला खांद्यावर घेऊन अगदी दाराशी पोचले होते. तेवढ्यात 'जन गण मन' सुरू झालं.

बाळू शाळेत परेडला पहिल्या रांगेत असायचा. मास्तरांनी सांगून ठेवलं होतं की राष्ट्रगीत लागलं की असाल तिथे सावधान! त्यानं शालीतून उडी मारली आणि बापाच्या शेजारी ताठ उभा राहिला. मांडीवरचं लेकरू बापाच्या छातीच्या वर येत होतं.

समोर दोन हातांवर दारवाला. हातात टॉर्च. तोही सावधान.

पांढरीपांडे पळू शकत नव्हते, दारवाला पकडू शकत नव्हता. देशाचा सवाल होता! दोघांचे फक्त डोळे हलत होते. दारवाल्यानं डोळ्यांनी बाळूला वरपासून खालपर्यंत मोजलं. पांढरीपांड्यांनी डोळ्यांनीच दया मागितली. बाळू समोर बघत खणखणीत आवाजात गात होता.

गीत संपलं. दारवाल्यानं कडक सॅल्यूट ठोकला.

"जय हिंद, बाबूजी. अब टिकट!"

* * *

तुम्हाला वाटेल, लोक कंजूष होते. तसं नाही हो. त्याच चीनच्या लढाईत संरक्षण निधीला आमच्या लायनीतल्या बायकांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. मी पाहिलंय.

पुढे पाकिस्तानशी लढाई लागली तेव्हा मराठी मंडळानं जवानांच्या मदतीसाठी नाटक ठेवलं. सत्याचा विजय वगैरे, पौराणिक. लहान मुलांना अर्धं तिकीट. आणि बांगड्या देणाऱ्या याच माउल्या अख्ख्या कुटुंबासह अर्ध्या तिकिटावर आल्या! कॉलेजात जाणारी पोरं 'लहान मुलं' म्हणून पुढच्या सतरंजीवर बसली. त्यातल्या एकाचं आदल्याच महिन्यात लग्न ठरलं होतं.

मंडळाचे सेक्रेटरी पडद्यापुढे आले. फार मृदू माणूस. हात जोडून म्हणाले, "जवानांसाठी आपण इतक्या संख्येनं आलात, आनंद वाटला. तिकिटं पाहता आज बहुतेक प्रेक्षक बालगोपाळच आहेत. त्यांच्या झोपेची वेळ सांभाळली पाहिजे. म्हणून तिसरा अंक रद्द करण्यात येत आहे!"

एकदम गलका झाला. तिसऱ्याच अंकात सत्याचा विजय होता. मध्यंतरात उरलेलं अर्धं तिकीट भरायला खिडकीवर ही रांग! आणि तो लग्न ठरलेला पोरगा सगळ्यात पुढे, कारण होणारे सासरे मागे बसले होते.

* * *

आता वझलवारांचं सांगतो. मग चहा घेऊ.

वझलवार आमच्याकडे स्टोअरमध्ये होते. एकुलता एक शरद. शाळेच्या सुट्टीत दर वर्षी आजोळी जायचे आणि दर वर्षी शरद अकराचा असायचा. टी.सी. आला की वझलवार बोलायचे, शरद खाली मान घालून बसायचा, आणि वहिनी खिडकीबाहेर बघायच्या. मी एकदा त्यांच्यासोबत होतो. बाहेर काळाकुट्ट अंधार होता, तरी बघत होत्या.

एकाहत्तरची लढाई लागायच्या सुमारास सगळं शहर जोशानं पेटलेलं. छावणीतून गाड्या भरून जवान जायचे, पोरं रस्त्यावर ओरडायची. एक दिवस सकाळीच वझलवार धापा टाकत माझ्या खोलीवर आले. मागे वहिनी, पायात चप्पल नाही.

"शरद्या भरतीला गेला! चला लवकर!"

सोळाचा होता पोरगा. उंच, छातीनं भरलेला, मिसरूड फुटलेला.

मैदानावर पोचलो तर तो रांगेत, अंगात फक्त चड्डी. टेबलाशी पांढऱ्या मिशांचे एक सुभेदार बसले होते. शरदचा नंबर आला.

"उमर?"

"अठारह, साब. स्कूल का काग़ज़ कल लाता हूँ."

वझलवार दोरी ओलांडून आत घुसले. "सोलह का है साब! झूठ बोल रहा है!"

सुभेदारांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "सुबह से सब बाप यही बोल रहे हैं."

"अहो, मी बाप आहे याचा! सच बोल रहा हूँ मैं!"

शरद वळला. आवाज चढवला नाही त्यानं. "बाबा, गाडीत तुम्ही बोलायचे, मी गप्प बसायचो. आज मी बोलून राहिलो. तुम्ही गप्प बसा."

सुभेदारांनी मला विचारलं, "क्या बोला लड़का?" मला सांगावं लागलं. रेल्वे, अर्धं तिकीट, अकरा वर्षं, सगळं. रांगेतली पोरं हसली. सुभेदार मिशीतल्या मिशीत हसले आणि वझलवारांना म्हणाले, "तो बाबूजी, आपकी कौन-सी बात मानूँ? ट्रेनवाली या यहाँवाली?"

एरवी दहा टी.सी.ना गुंडाळणारे वझलवार रडायला लागले.

तेव्हा वहिनी पुढे आल्या. डोक्यावर पदर घेतला. हिंदी त्यांची यथातथाच. "साब, सोला का ही है ये. मैं झूठ नहीं बोलती. गाड़ी में भी कभी नहीं बोली. खिड़की से बाहर देखती थी."

सुभेदार उठले, बाजूला पडलेला शरदचा शर्ट उचलला आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

"घर जा बेटा. आधे टिकटवाले को पूरी बंदूक नहीं देते."

परत आम्ही बसनं निघालो. शरद खिडकीशी बसला होता, वहिनींनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. कंडक्टर आला. वझलवारांनी खिशात हात घातला, घसा साफ केला.

"चार पूरे," ते म्हणाले.

"तीन पूरे," वहिनी कंडक्टरच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाल्या. "एक आधा."

कंडक्टरनं शरदच्या मिशीकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं. आणि निमूटपणे अर्धं तिकीट फाडून त्यांच्या हातात ठेवलं.